धर्मराज खिल्लारेचा हॉर्न

दोन वायरींपैकी अधिक कोणती आणि उणे कोणती, असा प्रश्न पडला तर शहाणा माणूस कळणाऱ्याला विचारतो. धर्मराज खिल्लारेनं तो स्वतःच्या अंतःकरणाला विचारला. एक वायर निळी होती, दुसरी पिवळी. निळा म्हणजे आपल्या झेंड्याचा रंग. विहारावर निळा, जयंतीच्या कमानीवर निळा, बायकोच्या, भागीरथीच्या, ठेवणीतल्या लुगड्याचा काठसुद्धा निळा. अशा रंगाला उण्याच्या बाजूला बसवायचं, हे काही धर्मराजच्या मनाला पटेना. त्यानं निळी वायर मोठ्या सन्मानानं बॅटरीच्या अधिकच्या टोकाला टेकवली. चर्रकन ठिणगी उडाली, मोटारसायकलच्या पोटातून धुराची वेटोळी निघाली आणि काहीतरी करपल्याचा वास सुटला. धर्मराजनं घाईघाईनं वायरींची अदलाबदल केली, इकडेतिकडे पाहिलं आणि कुणी बघितलं नाही अशी खात्री झाल्यावर शीळ घालत जिना चढला.

मुळात बॅटरी काढण्यामागं परोपकारच होता. जयंती समितीची बैठक विहाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये ऐन रंगात आली असताना दिवे गेले. त्या काळी नेरूळमध्ये इमारती आधी आल्या होत्या आणि बाकीच्या गोष्टी सवडीनं येत होत्या. वीज यायची, पण पाहुण्यासारखी. समितीचा सेक्रेटरी या नात्यानं धर्मराजनं जाहीर केलं की माझ्या गाडीची बॅटरी काढतो आणि तिच्यावर बल्ब लावतो. बॅटरीचे नट गंजलेले निघाले, म्हणून त्यानं वायरीच कापल्या. मंडपवाल्या सुधीरनं आपल्या सामानातून जोडायला दोन तुकडे दिले, एक निळा आणि एक पिवळा. बैठक झाली, टाळ्या झाल्या, सेक्रेटरींच्या समयसूचकतेबद्दल ठरावसुद्धा झाला. बॅटरी परत बसवताना कोणता तुकडा कुणाच्या शेपटीला, एवढंच तेवढं लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्या किकला सुरू झाली. धर्मराज उरण रस्त्यावरच्या एका गोदामात स्टोअर क्लार्क होता, आणि नेरूळहून तिथं जायचं तर बसची वाट बघण्यात माणसाचं तारुण्य सरायचं. म्हणून तर त्यानं ही सेकंडहँड मोटारसायकल घेतली होती. करावे गावच्या फाट्यापर्यंत ती सुरेख पळाली. तिथं रस्त्यात म्हशी होत्या. धर्मराजनं हॉर्न दाबला. हॉर्न वाजला आणि गाडी बंद पडली. म्हशी मात्र होत्या तिथंच राहिल्या.

पुन्हा किक, पुन्हा सुरू. पुढं एक ट्रक आडवा आला, पुन्हा हॉर्न, पुन्हा बंद. संध्याकाळी परतताना तर ब्रेक दाबून मागचा लाल दिवा लागला तरी इंजिन उचकी देऊ लागलं आणि हेडलाइट लावला तेव्हा त्यानं प्राणच सोडला. धर्मराज गाडी ढकलत घरी आला. भागीरथीनं दार उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. वाटेत कुणी भेटलं का, एवढंच तिनं विचारलं. सगळा सेक्टरच भेटला असणार, हे दोघांनाही माहीत होतं.

एरवी हे चाललं असतं. मोटारसायकल सेकंडहँड असली की माणूस तिच्याकडून फार अपेक्षा ठेवत नाही. पण त्याच आठवड्यात परभणीकडून गावचा गोटीराम निरोप घेऊन आला. धर्मराजचे वडील, किसनबाबा, जयंतीला नेरूळला येणार होते. आणि त्यांनी सांगून पाठवलं होतं की पोराच्या गाडीवर बसून मिरवणुकीत जाईन म्हणतो.

हे ऐकून धर्मराज खाटेवर बसलाच. बाबा कशावरच बसत नसत. एसटी तेवढी नाइलाज म्हणून. बैलगाडी जोडली तरी ते बैलांच्या बाजूनं चालायचे, कितीही लांब जायचं असो. त्यामागं एक जुनी गोष्ट होती. ती बाबांनी कधी सांगितली नाही, आत्यानं सांगितली होती. बाबांच्या लग्नाच्या वरातीला भाड्यानं घोडं आणलं होतं आणि पुढं वाजंत्री होती. वेशीपाशी गावातले चारजण आडवे झाले. वाजवणं बंद करा म्हणाले आणि नवरदेवाला म्हणाले, उतर खाली. नवरदेव उतरला, मान खाली घालून गावातून चालत गेला. पलीकडं गेल्यावर आपलीच माणसं म्हणाली, बस आता. बाबा बसले नाहीत, ते आजतागायत. आणि आता तोच माणूस आपण होऊन म्हणत होता की बसेन. धर्मराजला आनंद इतका झाला की छातीत दुखल्यासारखं झालं. मग त्याला जिन्याखाली उभी असलेली गाडी आठवली आणि खरोखरच दुखायला लागलं.

गाडी दुरुस्त करायचीच, असा त्यानं निश्चय केला. मध्यमवर्गीय माणसानं असा निश्चय केला की तो सोसायटीला आपोआप कळतो. सगळ्यात आधी खालच्या मजल्यावरचे रावसाहेब आले. ते तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्यात त्यांनी सायकलही चालवली नव्हती, पण त्यामुळे त्यांच्या मताला एक प्रकारचा निःपक्षपातीपणा आला होता. गाडीभोवती फेरी मारून त्यांनी निदान केलं की कार्बोरेटरमध्ये कचरा आहे. कुठल्याही बिघडलेल्या गोष्टीत कचरा असतो, असा त्यांचा सरकारी नोकरीतला अनुभव होता. हमरस्त्यावरच्या गॅरेजवाल्याकडून कार्बोरेटर खोलून साफ करून आणला. कचरा खरंच निघाला. त्यानंतर गाडीतून पेट्रोल ठिबकायला लागलं, आणि हॉर्न दाबला की ती पूर्वीसारखीच बंद पडत राहिली.

मग करावे गावचा हिरामण आला. हिरामणची खाडीत मशीनची होडी होती, त्यामुळे इंजिन म्हटलं की तो हक्कानं हात घालायचा. त्यानं प्लग काढला, हुंगला, पँटला पुसला आणि सांगितलं, "यात हवा धरलेली हाय. माज्या होरीला पन असाच व्हतंय. जरा राकेल दे, मंग बघ कशी धावतंय." राकेल दिलं. गाडीनं एवढा धूर सोडला की तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी वाळत घातलेले कपडे पुन्हा धुतले आणि नंतर चार दिवस त्या भागीरथीशी बोलल्या नाहीत. हिरामणला मात्र आपल्या उपायाचा गुण आला असंच वाटत होतं. आतलं सगळं साफ होतंय म्हणाला.

शेवटी सुधीर आला. त्याच्या वायरींचं नाव कुणी घेऊ नये म्हणून असेल, पण तो फार आपुलकीनं आला. अर्थिंग लूज आहे, टेन्शन घेऊ नका, असं म्हणून त्यानं दुपारभर वायरी सोडल्या आणि जोडल्या. संध्याकाळी नवाच चमत्कार पाहायला मिळाला. ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा आणि हॉर्न वाजला की इंजिन बंद पडायचं. गाडी थांबवण्याचा असा बिनचूक मार्ग कोणत्याही कंपनीला सुचला नव्हता. तो उपद्व्याप निस्तरायला धर्मराजला आख्खा रविवार लागला.

तोपर्यंत धर्मराज हॉर्नशिवाय गाडी चालवायला शिकला होता. म्हणजे हॉर्नचं काम तो तोंडानं करायचा. समोर कुणी आलं की ओरडायचा, बाजूला व्हा. ही पद्धत गाडीला मानवली, धर्मराजला मानवली नाही. एक तर त्याचा घसा बसला. दुसरं म्हणजे, हॉर्न वाजवला तर लोक गाडीकडे बघतात, पण ओरडलं तर माणसाकडे बघतात. गोदामाच्या फाटकापाशी तो एका पाठमोऱ्या गृहस्थावर खेकसला आणि ते त्याचे साहेबच निघाले. करावे फाट्यावर हिरामणची आई बायजाबाई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चालली होती. तिच्या मागून ओरडल्यावर ती पाटीसकट वळली आणि म्हणाली, "कशाला वरडतस रं? तुज्या गारीला भोंगा नाय का?" रस्त्यावरच्या सगळ्या बायका हसल्या. भोंगा आहे पण तो वाजवता येत नाही, हे एवढ्या बायकांना समजावून सांगणं त्याच्या प्रतिष्ठेला झेपण्यासारखं नव्हतं. तो हसला आणि पुढं गेला.

गुंता सुटला तो जेवताना. भागीरथी पोळ्या लाटत होती आणि धर्मराज गाडीची तक्रार करत होता, नेहमीप्रमाणे. भागीरथी म्हणाली की एक गोष्ट ती रोज बघते आहे. सकाळी गाडी बरी असते, संध्याकाळी थकून येते. रविवारी घरी उभी राहिली तर सोमवारी जरा टवटवीत असते. "अगदी तुमच्यासारखंच आहे तिचं," ती म्हणाली.

धर्मराजचा घास हातातच राहिला. सकाळी बरी, संध्याकाळी थकलेली. म्हणजे माल रोज जातो आहे आणि येत काहीच नाही. गोदामात अशी वेळ आली की त्याला फक्त एकच प्रश्न विचारायचा असे, की आवक कुठे अडली. बॅटरी म्हणजे तरी काय, छोटंसं गोदाम. इंजिन फिरताना तिच्यात करंटची आवक व्हायची आणि प्लगची ठिणगी, दिवा, हॉर्न ही सगळी जावक. आवक बंद पडली असेल, तर आहे त्या मालावर किती दिवस काढणार. हॉर्न दाबला की सगळा माल त्याच्याकडे पळायचा आणि ठिणगीच्या वाट्याला काही उरायचं नाही. धर्मराज जेवण टाकून खाली धावला. गाडीचं बाजूचं झाकण काढून त्यानं बॅटरीकडे येणारी वाट शोधत नेली. वाटेत रेक्टिफायर होता, पत्र्याच्या चकत्या एकावर एक रचलेला. इंजिनातली वीज त्यातून बॅटरीकडे जायची. त्या चकत्या जळून काळ्याठिक्कर पडल्या होत्या.

कार्बोरेटर निर्दोष होता, प्लग निर्दोष होता, सुधीरची अर्थिंगसुद्धा निर्दोष होती. दोषी होता तो निळ्या वायरीचा सन्मान. वर येऊन धर्मराजनं पहिल्यांदाच भागीरथीला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग त्याचा चेहरा बघून म्हणाली, "निळी उण्याला लागली म्हणून तिचा मान कमी होतो का? दोन्ही लागल्याशिवाय दिवा लागत नाही." पोळी तव्यावर करपली होती. त्या दिवशी ती दोघांनी मिळून खाल्ली.

रोग कळला, पण औषध मिळेना. मुंबईच्या स्पेअर पार्टच्या बाजारात दुकानदारानं काळा रेक्टिफायर हातात घेऊन, कुणाच्या तरी अस्थी बघाव्यात तसा बघितला आणि सांगितलं, की मागवावा लागेल, जयंतीनंतर या. धर्मराजनं पुष्कळ विनवलं. दुकानदारानं चहा पाजला, यापलीकडे काही केलं नाही. मग एकच उपाय उरला. बॅटरी चार्जिंगवाल्याकडे टाकून गळ्यापर्यंत भरून आणायची आणि तो माल काटकसरीनं वापरायचा. बॅटरी जुनी, भरली तरी जोर बेताचाच, म्हणून हेडलाइट नाही, ब्रेक शक्यतो नाही आणि हॉर्न तर मुळीच नाही. असं केलं तर मिरवणूक पार पडेल, असा त्याचा अंदाज होता.

तेवढ्यात परवानगीचं त्रांगडं झालं. चौकीतले हवालदार माणूस बरे होते, पण त्यांना अटी फार आवडायच्या. पहिली अट अशी की नाक्यावर मिरवणूक क्षणभरही थांबता कामा नये, उरणकडचे ट्रक तिथूनच जातात. दुसरी अट, पुढं मोटारसायकल असणार तर तिचा दिवा चालू पाहिजे, अंधार पडतो. धर्मराज म्हणाला, दिवा चालू केला तर गाडी थांबेल आणि पहिली अट मोडेल. हवालदारांनी बराच विचार केला. मग म्हणाले, दिवा पाहिजे एवढंच मी म्हणतो, कशावर पेटतो ते मी बघत नाही. त्यावर सुधीरनं एक पेट्रोमॅक्स आणली आणि हँडलच्या पुढं वायरनं लटकवली. वायर निळी होती.

बाबा आले. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, निळी टोपी. त्यांनी गाडीभोवती हळूहळू फेरी मारली, सीटवर हात ठेवला आणि घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवला. गाडीच्या आजाराबद्दल त्यांना काही सांगायचं नाही, असं घरात ठरलं होतं. चांगली ठेवली की रे, एवढंच ते म्हणाले.

जयंतीच्या संध्याकाळी मिरवणूक निघाली. मागं बाबासाहेबांच्या फोटोची सजवलेली ट्रॉली, तिच्यापुढं ढोलताशे, लेझीम, बायकांच्या रांगा, आणि सगळ्यांच्या पुढं पेट्रोमॅक्सच्या झगझगीत उजेडात धर्मराजची मोटारसायकल. बाबा पाय टाकून बसले तेव्हा धर्मराजला आपल्या पाठीला त्यांचे गुडघे टेकल्याचं जाणवलं आणि त्याचे डोळे भरून आले. गाडी पहिल्या गिअरमध्ये चालली होती, गुणी लेकरासारखी. त्याचं सगळं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होतं. तो नियमित होता. विहाराकडे वळायच्या नाक्यापर्यंत पोचलो की जिंकलो, असं तो मनात म्हणत होता.

नाका आला. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, करावे गावातली, सेक्टरमधली, दुकानांच्या पायऱ्यांवर चढलेली. हवालदार मध्ये उभे राहून हातानं खूण करत होते, थांबू नका. आणि मागून बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"धर्मा, भोंगा हाय ना रे हिला?"

धर्मराज म्हणाला, आहे.

"मंग वाजीव की. तवा वेशीत वाजिवनं बंद केल्तं त्यांनी."

आयुष्यात पहिल्यांदा ते त्याबद्दल बोलले होते. धर्मराजचा अंगठा हॉर्नच्या बटणावर जाऊन थबकला. दाबला तर गाडी बंद पडणार, भर नाक्यावर, सगळ्या गावासमोर. नाही दाबला तर बाबांच्या वरातीतली वाजंत्री आजही बंदच राहणार, आणि या खेपेला ती त्याच्या पोरानं बंद केलेली असणार. हिशेब फार मोठा नव्हता. त्यानं बटण दाबलं.

हॉर्न वाजला. एवढे दिवस कोंडून ठेवलेला हॉर्न होता, तो असा वाजला की ढोलवाल्यांचा ठेका चुकला. आणि ठरल्याप्रमाणे इंजिन एक आचका देऊन बंद पडलं.

मागं बाबांची हालचाल झाली. त्यांनी एक पाय वर उचलला होता.

"उतरू का रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," धर्मराज म्हणाला. त्याचा घसा अजून बसलेलाच होता, पण शब्द स्पष्ट आले. "बाबा, तुम्ही उतरायचं नाही. मी उतरतो."

तो उतरला. किक मारत बसलं असतं तर मिरवणूक थांबली असती. बाबांना त्यानं पुढं सरकायला सांगितलं, त्यांचे हात हँडलवर ठेवले, अंगठ्याखाली हॉर्नचं बटण दिलं आणि मागं जाऊन गाडी ढकलायला लागला. एक पाऊल, मग दुसरं, आणि मग ती एकाएकी हलकी झाली. बघितलं तर हिरामण शेजारी वाकला होता. दुसऱ्या बाजूला रावसाहेब आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या वाहनाला प्रत्यक्ष हात लावत होते, आणि कचरा राहिला असेल असं म्हणतही होते. सुधीरनं पेट्रोमॅक्स सांभाळली. हवालदार ओरडत आले, थांबायचं नाही, थांबायचं नाही, आणि आपली अट मोडू नये म्हणून त्यांनी स्वतःच खांदा लावला. बायजाबाई कडेला उभी होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "वाजला गो बाय, वाजला त्याचा भोंगा." आणि मिरवणूक नाक्यावर क्षणभरही थांबली नाही.

आता ठिणगीचा खर्च संपला होता, त्यामुळे बॅटरीतला सगळा माल एकट्या हॉर्नच्या वाट्याला आला. किसनबाबा ताठ बसले होते, मान वर होती आणि अंगठा बटणावर. ढोल वाजला की ते वाजवायचे, ढोल थांबला की जास्त वाजवायचे. दुकानदार हसले, कुणी हात वर करून जयभीम म्हणालं, ते मान लववायचे आणि पुन्हा वाजवायचे. विहाराच्या दारापर्यंत बॅटरी पुरली. शेवटचे दोन आवाज तर धर्मराजच्या घशासारखेच निघाले, घोगरे, पण ऐकू येण्याइतके. घामानं निथळत गाडी ढकलणारा धर्मराज त्या सगळ्या वेळात हसत होता, आणि आपण हसतो आहोत हे भागीरथीनं सांगेपर्यंत त्याला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा जिन्याच्या पायरीवर चहा पीत बसले होते. रावसाहेबांनी विचारलं, की काय किसनराव, कशी वाटली पोराची गाडी. बाबांनी बशी खाली ठेवली आणि जिन्याखाली उभ्या असलेल्या मोटारसायकलकडे बराच वेळ मायेनं बघितलं.

"लई झ्याक गाडी हाय," ते म्हणाले. "नुसता भोंगा वाजतो. चालताना आवाज म्हून नाही."